कौलावरचे साल आणि घराचे वय

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे जुने घर विटांचे आहे; वाडीतील बाकीची घरे मात्र चिरेबंदी आहेत. छपराच्या कौलांवर बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल आहे. घर त्याच वर्षीचे समजावे का? भिंतींचा गिलावा सुटत असून गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतात. तो करावा का?

उत्तर : कौलावरचे साल हे कौल भाजल्याचे साल नव्हे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा. तेथील कारखानदार आपल्या स्थापनेचे वर्ष साच्यातच कोरत; अल्बुकर्क या तेथल्याच कारखानदारांच्या कौलांवरील १८६८ हे सालही तसेच आहे. तेव्हा आपली कौले १८६५ च्या आधीची नाहीत, एवढेच यावरून ठरते. भिंती त्याहून जुन्या असू शकतील, कारण मंगळुरी कौले मिळू लागल्यावर अनेकांनी कुंभाराची नळीची कौले किंवा गवताची शाकारणी उतरवून ती चढवली. वाशांवर जुन्या रीपांच्या, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, खुणा दिसतात का, ते अवश्य पाहावे; दिसल्या तर छप्पर बदललेले असावे.

खरी साक्ष विटेची आहे. गिलावा सुटला आहे तेथे तिची जाडी मोजावी. पेशवाईतील वाड्यांच्या विटा पातळ असत. सुमारे ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड अशी वीट इंग्रजी अमदानीत रूढ झाली. जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचा, चिरा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो, त्यामुळे सड्यालगतच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारालगतच्या, गावात लाकूड जाळून विटा भाजण्याचे सहसा कारण नसे. तरीही आपल्या पूर्वजांनी वीट निवडली, यामागे नदीकाठची चांगली माती असावी किंवा शहरी बंगल्याची आवड असावी, असे मला वाटते. जोते मात्र बहुधा जांभ्याचेच निघेल.

सिमेंट कृपया लावू नये. जुन्या भिंतीचे सांधे चुन्याचे असतात आणि कोकणात तो चुना शिंपले भाजूनही करत. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंटच्या घट्ट थराआड ती कोंडते, तिच्यातील क्षार विटेतच साठतात आणि काही वर्षांत गिलाव्याबरोबर विटेचा दर्शनी भागही भुगा होऊन गळू लागतो. आधी छपराची गळती थांबवावी, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे आणि पावसाळा सरून भिंत सुकल्यावर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करावा. त्यासाठी खाडीची खारी वाळू वापरू नये.