लाँग वीकेंडला मुलांसोबत नदीकाठच्या पार्कमध्ये तंबूत राहायचं आहे. पहिलीच वेळ आहे, काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोघं मोठे, दोन लहान मुलं, दोन रात्रींचा मुक्काम आणि सामानाची यादी हवी आहे. यादी सांगतो, पण आधी जागेचं बोलू. नदीकाठी मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे बरंचसं तंबू कुठे टाकला यावर ठरतं, आणि जागा पारखायला उजेड लागतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रस्ते तुंबलेले असतात हे धरूनच निघा आणि सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी पोहोचा.

पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी काठाने एक चक्कर मारा आणि झुडपं नीट बघा. पाण्यापासून बऱ्याच अंतरावरच्या फांद्यांतसुद्धा कधीकधी वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकची एखादी चिंधी अडकलेली असते. सगळ्या झुडपांवर साधारण एकाच उंचीला, आणि फांद्या प्रवाहाच्या दिशेने वाकलेल्या. मागच्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. तंबू त्या खुणेच्या वर हवा, मग खालची वाळू कितीही मऊ आणि सपाट दिसो. ती सपाट झालेलीच पाण्यामुळे असते.

आणि तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो आणि पाणी काही तासांनी तुमच्यापर्यंत येतं. वर धरण असेल तर विसर्ग कधी होतो, त्याची सूचना भोंग्याने देतात की आणखी कशी, हे पार्कच्या ऑफिसात आवर्जून विचारा. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा आणि फांद्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून मुलांना घेऊन वर चढायचं. वेगाने वाहणारं पाणी फक्त 15 सेंटीमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचा पाय निसटू शकतो, आणि 60 सेंटीमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. तेव्हा गाडीही काठाला लावू नका.

जागा नंबरवारी ठरलेल्या असतील तर बुकिंग करतानाच नकाशात उंचावरची निवडा. निवड तुमच्यावर सोडलेली असेल तर पाण्यापासून 60 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं, मागे सरका. जनावरांची पाण्यावर यायची वाट मोकळी राहते आणि रात्रीही बरी जाते. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. थोडंसं वर गेलं तरी पहाटेच्या गारठ्यात आणि दमटपणात फरक जाणवतो. तंबू उभारण्याआधी एकदा मान वर करून वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, तेही बघून घ्या.

रात्रीबद्दल पहिल्यांदा जाणाऱ्यांचा एक ठाम गैरसमज असतो: जाड पांघरूण असलं की झालं. अंगातली ऊब जमीन ओढून घेते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि त्या बाजूने ती ऊब धरत नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर चांगल्या मॅटवर घाला. पहाटे तंबूच्या कापडावर आतून बोट फिरवलंत तर ओघळ येईल. तंबू गळतोय असं वाटून घाबरू नका. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते, ते हे पाणी. वरच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि मुलांच्या बॅगा कापडाला टेकू देऊ नका. थंडी कितीही असो, निखारे किंवा स्टोव्ह तंबूत घ्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका.

पिण्याचं पाणी घरून भरून न्या. संपलंच, तर नदीचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण 1 मिनिट उकळा. 2000 मीटरपेक्षा उंचावर असाल तर 3 मिनिटं. काचेसारखं स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असतात. आणि वर कारखाने किंवा फवारणी होणारी शेती असेल तर ते पाणी पिऊच नका, कारण उकळून रसायनं जात नाहीत. भांडी आणि आंघोळीचा साबण नदीत नको, ‘नैसर्गिक’ लिहिलेला असला तरी. पाणी बादलीत घेऊन लांब जाऊन धुवा.

मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवंच, आणि त्या वेळेपुरता त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात. फुगवायची रिंग हे खेळणं आहे. वाहत्या पाण्यात मापाचं लाइफ जॅकेटच हवं.

शेकोटीला परवानगी असेल तर नेमून दिलेल्या जागीच. कडेला नदीतले गोटे रचायचा मोह होतो, पण त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि तुकडे उडतात. झोपण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना, हे बघूनच उठा.

आता यादी. प्रत्येकाला वेगळा हेडलॅम्प, जास्तीच्या खुंट्या आणि दोरी, तंबूखाली घालायला ताडपत्री (तिची कड बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट तुमच्या खाली येतं), कोरड्या मोज्यांचे जोड भरपूर, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्याच्या पिशव्या, घट्ट झाकणाचा खाऊचा डबा. खाणं तंबूत ठेवू नका, वासाने प्राणी येतात. तंबू निघण्याआधी घरी एकदा उभारून बघा, मुलांना दांडे जोडायला द्या.

मधल्या दिवशी काहीच ठरवू नका. मुलांना काठावर दगड उलटे करून खालचे किडे बघू द्या, बघून झालं की दगड होता तसा ठेवायला सांगा. त्यांचा अख्खा दिवस त्यात जाईल, आणि जाऊ द्यावा. निघायच्या सकाळी तंबू दवाने ओला असणारच. तसाच गुंडाळून न्या, पण घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर आठवडाभरात बुरशी धरते आणि तो कुबट वास सहजासहजी जात नाही.