मापन-उपकरणात ॲनालॉग नमुने घेण्याची पद्धत कशी निवडावी?

तुम्ही विचारले आहे की, यूएसबीने संगणकाला जोडलेल्या उपकरणात मागणीनुसार एकेक वाचन, ठरावीक संख्येचे नमुने आणि अखंड नमुने अशा तीन पद्धती असताना पंपाच्या कंपनासाठी कोणती घ्यावी, आणि दर मिलिसेकंदाला वाचन मागूनही त्यांतील अंतर सारखे का येत नाही.

दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. एकेक वाचन मागताना घड्याळ संगणकाचे असते. मागणी यूएसबीवरून जाते, उत्तर परत येते, आणि मध्येच ऑपरेटिंग सिस्टीमला दुसरे काम निघाले की पुढची मागणी काही मिलिसेकंद रखडते. उरलेल्या दोन्ही पद्धतींत प्रत्येक नमुन्याची वेळ उपकरणातले घड्याळ ठरवते, नमुने बफरमध्ये (उपकरणातल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतात आणि संगणक ते गठ्ठ्याने उचलतो.

मी गोव्यात एका खाजणाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपाशी, पाण्याची पातळी मोजतो. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे 12 तास 25 मिनिटांचे, त्यामुळे मिनिटाला एक वाचन पुरेल असे मला वाटले होते. पण आलेख दातेरी आला, कारण प्रत्येक वाचनात विजेच्या 50 हर्ट्झची गुणगुण आणि होड्यांच्या लाटा मिसळत होत्या. आता मी दर मिनिटाला सेकंदाला 1000 या वेगाने 30 सेकंद ठरावीक नमुने घेतो आणि सरासरी काढतो. गुणगुणीची आवर्तने पूर्ण संख्येत येत असल्यामुळे ती सरासरीत जवळजवळ नाहीशी होते आणि लाटाही बऱ्याच निवतात. संथ संकेतालाही ही पद्धत उपयोगी पडते, हे मला तिथे कळले. भरतीच्या दाबाने मानशीची दारे मिटतात तो धक्का टिपण्यासाठीही मी हीच पद्धत ट्रिगर (ठरलेली घटना घडताच नोंद सुरू करणारी खूण) लावून वापरतो, आणि ट्रिगरच्या आधीचे नमुनेही राखून ठेवतो. नाहीतर धक्क्याची सुरुवातच हातून निसटते.

तुमचा पंप मात्र तासन्‌तास चालतो, म्हणून तुम्ही अखंड पद्धत घ्यावी. तिच्यात बफर चक्राकार असतो: तुम्ही वेळेवर उचलले नाहीत तर जुन्या नमुन्यांवर नवे लिहिले जातात, किंवा उपकरण त्रुटी दाखवून थांबते. आठ चॅनेल (संकेत येण्याच्या वाटा), प्रत्येकी सेकंदाला 1000 नमुने आणि नमुन्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला 16,000 बाइट होतात, जे यूएसबीला जड नाही; जड जाते ते वाचनाच्याच लूपमध्ये आलेख काढणे आणि फाइल लिहिणे. ही कामे वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागात) ठेवा आणि ओव्हरफ्लोची, म्हणजे बफर भरून वाहिल्याची, त्रुटी कधीही दडपू नका, कारण मग तुटलेली नोंदसुद्धा सलग दिसते.

वेग ठरवताना आणखी एक काळजी घ्या. सेकंदाला 40 नमुने घेतल्यास 50 हर्ट्झचे कंपन 10 हर्ट्झचे भासते, आणि नंतर कोणतेही गणित करून ते ओळखता येत नाही. त्यामुळे नमुन्यांचा वेग सर्वांत जलद अपेक्षित कंपनाच्या दुपटीहून बराच जास्त ठेवा आणि त्या कंपनाहून जलद काही असेल तर ते उपकरणात शिरण्यापूर्वीच फिल्टरने अडवा.