अमेरिकेत बेघर माजी सैनिकाला चर्चशी जोडलेल्या संस्था घर आणि काम नेमके कसे मिळवून देतात?

पैसा बहुतेक सरकारी असतो, संस्था तो पोचवतात. कॅथलिक चॅरिटीज, सॅल्व्हेशन आर्मी, व्हॉलंटिअर्स ऑफ अमेरिका यांना माजी सैनिक खात्याच्या 'एसएसव्हीएफ' या माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या योजनेतून अनुदान मिळते. त्यातून डिपॉझिट, थकलेले भाडे, विजेचे बिल भरले जाते. पण रक्कम थेट घरमालकाला किंवा वीज कंपनीला जाते, सैनिकाच्या हाती नाही.

पहिला अडसर कागदाचा. सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी-२१४, रस्त्यावर राहताना हरवलेला असतो. राष्ट्रीय अभिलेखागाराकडून तो मोफत मिळतो, मात्र वेळ लागू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज टाकावा. दाखल्यावर 'डिसऑनरेबल' (अपमानास्पद सेवामुक्ती) असा शेरा असेल तर एसएसव्हीएफचा दरवाजा बंद. त्याहून सौम्य 'अदर दॅन ऑनरेबल' (सन्मानाविना सेवामुक्ती) शेरा असला तरी तो उघडा असतो, हे ठाऊक नसल्याने अनेक जण उगाच अर्जच करत नाहीत.

कायमच्या घरासाठी 'हड-व्हॅश' व्हाउचर, म्हणजे माजी सैनिकांसाठीची सरकारी भाडेमदत. भाडेकरूचा वाटा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के, घर शोधायला सुरुवातीला किमान १२० दिवस. गाडी अडते ती इथेच: जुनी थकबाकी, घर खाली करायला लावल्याची कोर्टातली नोंद, खराब क्रेडिट. अशा वेळी घरमालकांशी ओळख असलेला संस्थेचा कार्यकर्ता खरा उपयोगी पडतो.

कामासाठी श्रम खात्याची 'एचव्हीआरपी' योजना आहे. प्रशिक्षणापासून नोकरी शोधण्यापर्यंतची मदत तिच्यातून होते.

आणि हो, सरकारी पैशाच्या सेवेसाठी प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. सुरुवात ८७७-४२४-३८३८ या चोवीस तास चालणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवरून करावी.