जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकू का? वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडांनी येतंय, मशीन छान चालतंय पण स्क्रीनवर येतं की हे विंडोज ११ ला चालणार नाही, मग आता भंगारात घालायचं का. त्यातले काही प्रश्न आज घेतलेत. आधीच एक सांगून ठेवतो, सपोर्ट संपला तरी मशीन चालूच राहतं, फक्त त्याची देखभाल कंपनीकडून सुटून आपल्या अंगावर येते. म्हणून घरात ते कोण बघणार आणि त्या मशीनवर नेमकं काम काय होतं, हे ठरवा, पेन ड्राइव्ह नंतर लावा.

प्रश्न (मुलुंड): आमचा लॅपटॉप २०१६ चा आहे, आय-फाइव्ह सहाव्या जनरेशनचा, आठ जीबी रॅम. ह्यांची पेन्शन, एफडी, लाइट बिल सगळं त्यावरच बघतो. भाचा म्हणतो, मामी रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने अकरा टाकून देतो, काही होत नाही. टाकू देऊ का?

उत्तर: काकू, भाचा म्हणतो ते होतं, पण घाई नको. आधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून बघा, तिथे वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची लिंक दिसेल. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिलीय, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नसेल ठेवायचा तर त्यांच्या रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. फक्त विंडोज १० चं २२एच२ हे व्हर्जन असायला हवं. बँकेचं काम होतं त्या मशीनवर आज हेच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता अकराचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा सहावा, म्हणून तो नापास. रुफस काय करतं, तर इन्स्टॉल करताना जी तपासणी होते ती काढून टाकलेला पेन ड्राइव्ह बनवून देतं, विंडोज तीच राहते. मशीनमध्ये टीपीएम असेल, अगदी जुनं १.२ असलं तरी, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद करून आहे त्याच विंडोजवर अपग्रेड मारता येतं, फायली आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात, आणि ही नोंद २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितली होती. लायसन्सचीही काळजी नको, दहा ॲक्टिव्हेट झालेली असेल तर अकराही होते.

अडचण नंतर येते. महिन्याचे अपडेट अशा मशीनवर सहसा येत राहतात, पण ते येतीलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि वर्षाला जे नवीन व्हर्जन येतं ते आपोआप येतच नाही. होम एडिशनच्या प्रत्येक व्हर्जनला दोन वर्षं अपडेट मिळतात, त्याच्या आत कोणीतरी नवीन आयएसओ, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल, उतरवून हाताने अपग्रेड करायला लागतं. भाच्याला तेवढंच विचारा, दर वर्षी दिवाळीला घरी आलास की हे करून जाशील का. हो म्हणाला तर टाकू द्या, कारण अपडेट बंद पडलेल्या दहापेक्षा अपडेट मिळणारी अकरा, जबरदस्तीने टाकलेली असली तरी, केव्हाही बरी. तो पुण्याला नाहीतर परदेशात जाणार असेल आणि मागे बघणारं कोणी नसेल तर मुदत संपेपर्यंत दहा वापरा आणि त्या आधी दुसरं मशीन बघा.

आणि हो, लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर सिस्टिमच्या आधी ती बदला. मागचं झाकण उघडलं की अडीच इंची डिस्क दिसते, ती काढून त्याच जागी साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसते, तोच कनेक्टर, तेच स्क्रू. चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारं मशीन त्यानंतर चहा गाळून होईस्तोवर तयार असतं. वेगाचा फरक विंडोजपेक्षा ह्यानेच जास्त पडतो, हे मी प्रत्येकाला सांगत असतो.

प्रश्न (भांडुप): माझा पीसी असेंबल केलेला आहे, आय-फाइव्ह आठव्या जनरेशनचा. विंडोजचा चेकर म्हणतो टीपीएम नाही. दुकानदार म्हणाला बोर्डच बदलायला लागेल, नाहीतर नवीन घ्या.

उत्तर: दादा, एक रुपया देऊ नका. आठवी जनरेशन म्हणजे तुमचा प्रोसेसर बहुतेक पास आहे. असेंबल केलेल्या बोर्डांवर टीपीएम असतं पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं, आणि तिथे त्याचं नाव टीपीएम नसतं म्हणून कोणाला सापडत नाही. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी शोधा, एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधायचं. चालू करा, सेव्ह करून बाहेर या, मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून tpm.msc टाइप करून बघा, नाहीतर नुसतं स्टार्टमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी शोधलंत तरी सिक्युरिटी प्रोसेसर म्हणून ते दिसायला लागतं.

दुसरी गाठ सिक्युअर बूटची. ते चालायला बूट, म्हणजे मशीन सुरू होणं, यूईएफआय या नव्या पद्धतीने व्हायला हवं, आणि तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करायला लागते. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, कमांड प्रॉम्प्टमधून चालतं, डेटा जात नाही, तरी बॅकअप घेऊनच चालवा. क्रम महत्त्वाचा, आधी डिस्क जीपीटी करायची, मग बायोसमध्ये जाऊन लेगसी म्हणजे सीएसएम बंद करायचं. उलटं केलंत तर विंडोज चालूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं गेलं. गेलेलं काही नसतं, सीएसएम परत चालू केलं की येतं. एवढं झालं की अकरा रीतसर येते, कसली पळवाट नको आणि अपडेटही सगळे नेहमीसारखे.

प्रश्न (गिरगाव): आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर करतो, त्याला डोंगल, म्हणजे लायसन्सची मशीनला लावायची चावी, लागतो. मशीन कोअर टू ड्युओ, विंडोज एक्सपी. मुलगा म्हणतो यावर अकरा बसवू.

उत्तर: बसवू नका, आणि बसणारही नाही. अकराच्या २४एच२ व्हर्जनपासून प्रोसेसरला पॉपसीएनटी नावाची सूचना कळणं सक्तीचं आहे, ती कोअर टू ड्युओला कळत नाही, त्यामुळे तपासणी टाळली तरी विंडोज बूटच होत नाही. याला रुफस काही करू शकत नाही. शिवाय अकरा फक्त ६४ बिटमध्ये येते, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ बिटचा काही भाग असेल तर तो तिथे चालणार नाही, आणि जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नवीन विंडोजला मिळणं हा वेगळा ताप.

अशा मशीनला मी हात लावत नाही. इंटरनेटची केबल काढा, वायफाय असेल तर बंद करा, आणि ते फक्त पत्रिका करायचं यंत्र म्हणून ठेवा. फायली पेन ड्राइव्हने न्यायच्या, पण पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या अपडेटेड मशीनवर स्कॅन करून. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर, ईमेल, पेमेंट हे सगळं वेगळ्या मशीनवर. पण खरी भीती मला व्हायरसपेक्षा हार्ड डिस्कची वाटते, एवढ्या वर्षांची डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि तिच्यात तुमच्या सगळ्या जुन्या स्मरणिका आहेत. तिची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, आजच काढून ठेवा, आणि नवीन काम हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, करायला मुलाला सांगा, त्याचा उत्साह तिकडे लागला तर छापखान्याचं भलं होईल.

प्रश्न (विलेपार्ले): मी कॉलेजला आहे, ताईचा २०१७ चा मॅकबुक एअर मिळालाय. सिस्टिम मॉन्टेरे आवृत्तीच्या पुढे जात नाही. ओपनकोअर लेगसी पॅचर हे सॉफ्टवेअर टाकून सेकोया ही नवी आवृत्ती चालते असं ऐकलं, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, चालते. ॲपलने या एअरला अधिकृतपणे मॉन्टेरेवरच थांबवलं आणि मॉन्टेरेला आता सुरक्षा अपडेट येत नाहीत, त्यामुळे तुझा विचार बरोबर आहे. ओपनकोअर लेगसी पॅचर फुकट आहे. त्याच्यातूनच ॲपलच्या सर्व्हरवरून सेकोया उतरवायची, १६ जीबीपेक्षा मोठ्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवायचा, मग मॅक चालू करताना ऑप्शनचं बटण दाबून धरायचं. ईएफआय बूट नावाचं चिन्ह दिसतं, आधी ते निवडायचं आणि मग इन्स्टॉलर. इथे बरेच जण थेट इन्स्टॉलर निवडतात आणि मॅक नाही म्हणतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिल्यांदा चालू झाल्यावर स्क्रीन अडखळेल आणि वायफाय दिसणार नाही, घाबरू नकोस. या एअरच्या ग्राफिक्सचे आणि वायफायचे ड्रायव्हर ॲपलने नव्या सिस्टिममधून काढून टाकलेत, ते पॅचरमधल्या रूट पॅचने परत घालायला लागतात. घातले आणि रीस्टार्ट केलं की मग मशीन मशीनसारखं वागायला लागतं. पण हे पॅच प्रत्येक सिस्टिम अपडेटला उडतात आणि परत घालायला लागतात, म्हणून ऑटोमॅटिक अपडेट बंद कर, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट कधीही करू नकोस. शिवाय पॅच केलेल्या मॅकवर छोटा अपडेट छोटा राहत नाही, अख्खी सिस्टिम कित्येक जीबीची उतरते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे झेपणार नाही. सुरक्षेतही थोडी तडजोड आहे, ॲपलने सिस्टिमवर लावलेलं सील त्यासाठी तोडायला लागतं.

रॅम बोर्डला सोल्डर केलेली आहे, ती वाढत नाही. एसएसडी मात्र बदलता येते, छोटा ॲडॅप्टर लावून साधी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसते. २०२५ ला आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची सिस्टिम आहे असं ॲपलनेच जाहीर केलंय, तीही इंटेलच्या मोजक्याच मॉडेलना मिळाली, म्हणून या एअरवर पदवी पूर्ण करायचा हिशेब ठेव, त्यापुढचा नको. मॅकमधल्याच टाइम मशीन या टूलने बॅकअप घेतल्याशिवाय सुरुवात करू नकोस.

प्रश्न (परळ): आमच्या वाचनालयाला एका ऑफिसने जुने डेस्कटॉप दिलेत, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. चाळीतली मुलं अभ्यासाला वापरतील. काय टाकावं?

उत्तर: हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. अशा मशीनवर विंडोज ११ ओढूनताणून टाकू नका, चार जीबीत ती नुसती धापा टाकते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम घ्या, तिची एक्सएफसीई म्हणजे हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, अधिकृत, कुणाची मेहरबानी नाही. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येते, तेव्हा आधी आवाज, नेट, प्रिंटर सगळं बघून घ्या. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको, कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडायचं, इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मुलांचे प्रकल्प आरामात होतात.

क्रोमओएस फ्लेक्स हा दुसरा पर्याय, गुगलचा, फुकट, आणि सांभाळायला त्याहून सोपा. पण तो डिस्क पूर्ण पुसूनच बसतो, अँड्रॉइडची ॲप त्यावर चालत नाहीत आणि नेट गेलं की बरंचसं काम अडतं. वाचनालयात वायफाय भरवशाचं नसेल तर मिंटच. कार्यालयाचा टॅलीचा हिशेब ज्या मशीनवर आहे ते मात्र विंडोजवरच राहू द्या, टॅली लिनक्ससाठी येत नाही. देणगीदार विचारत असतील अजून काय देऊ, तर एसएसडी मागा, जमलं तर रॅमही.

प्रश्न (दहिसर): जुनी नेटबुक, ३२ बिट ॲटम, एक जीबी रॅम. काही होईल?

उत्तर: ३२ बिटसाठी आता फार थोडं उरलंय, डेबियन या लिनक्सने पण १३ व्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर बंद केला. अँटिएक्स ही हलकी लिनक्स टाकून बघा, लिहायला-वाचायला चालेल. यूट्यूबची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न (बोरिवली): लॅमिंग्टन रोडला एकाने "ॲक्टिव्हेटेड, हलकी केलेली अकरा" असा पेन ड्राइव्ह देतो म्हटलं. जुन्या मशीनला बरी पडते म्हणे. घेऊ का?

उत्तर: नको, अजिबात नको. लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, एसएसडी घ्या, रॅम घ्या, दहा दुकानं फिरून भाव करा, पण सिस्टिम तिथून आणू नका. विंडोजमधून काय काढलंय ते हलकं वाटतं म्हणून कळतं, आत काय घातलंय ते कळायचा मार्ग नसतो, आणि तुम्ही त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणार. बऱ्याचदा अशा कॉपीत अपडेट आणि डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, मुद्दाम बंद केलेले असतात, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा तेच गेलं. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, तिथूनच उतरवा, रुफसही त्याच्या स्वतःच्या साइटवरून. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, आणि मग सुरू करा.