कादंबरीचा खर्डा ६०० पानांचा झालाय, कात्री कुठून लावू?

किल्लारीच्या भूकंपावरची कादंबरी निम्मी करायची, पण काहीच काढवत नाही, असं तुम्ही विचारलंय. आधी खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग वाचताना एकच बघा: गोष्ट खरी कुठं सुरू होते? पहिल्या खर्ड्यात ती बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सुरू होते. आधीची पानं लेखकाला स्वतःलाच गाव समजावं म्हणून लिहिलेली असतात.

तुमच्याकडं तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, चारच्या सुमारास धक्का आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर. तिथूनच सुरू करा. निजामाचा काळ, बहात्तरचा दुष्काळ, भाऊबंदकी हे त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून येऊ द्या, तेही कथेला लागेल तेवढंच. रिश्टर आणि मृतांच्या आकड्यांचे परिच्छेद सरळ उडवा. एका बाईला ढिगाऱ्यातून घरचं दळायचं जातं सापडतं, एवढं पुरतं.

मग मोठ्यानं वाचा. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. जीभ अडखळते तिथं वाक्य फुगलेलं असतं. संवादातली लातुरी बोली मात्र कापू नका. पुढं जोडलेलं 'तो चिडून म्हणाला' तेवढं काढा. दोन काका एकच काम करत असतील तर एकच ठेवा.

काढलेलं सगळं वेगळ्या फाइलमध्ये जपा, म्हणजे हात आखडणार नाही.