तारा फाटला, हे ओळखायचं कसं?

प्रश्न : दूरच्या दीर्घिकेत कृष्णविवरानं तारा फाडला, असं वाचलं. दुर्बिणीत तर नुसता ठिपका उजळलेला दिसतो. मग तो सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, नव्हता हे कशावरून?
– बारावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळ, सोलापुरात इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण ‘कशावरून?’ असं विचारणारी मुलं मला अजूनही सगळ्यांत जवळची वाटतात.

आधी जागा बघायची. महाकाय कृष्णविवर दीर्घिकेच्या केंद्रात असतं, म्हणून ठिपका नेमका केंद्रावर हवा. पण सुपरनोव्हाही तिथं होऊ शकतो, तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

खरी साक्ष रंगाची. सुपरनोव्हा लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लोखंडासारखा निवत जातो, निळसर असतो तो काही आठवड्यांत तांबूस होतो. फाटलेल्या ताऱ्याचा उजेड महिनोन् महिने निळाच राहतो. तापमान बहुधा वीस-तीस हजार अंशांच्या आसपास टिकून असतं. वर्णपटात, म्हणजे उजेड रंगांत पसरवून पाहिला की, हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषा चांगल्या रुंद झालेल्या दिसतात, कारण तो वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरत असतो.

तारा फाटतो तो असा : ताऱ्याच्या विवराकडच्या बाजूला विवराची ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. त्या फरकानंच तो फाटतो. साधारण निम्मा वायू निसटतो, उरलेला विवराकडे परततो, आणि परतीचा हा ओघ काळाच्या उणे पाच-तृतीयांश घातानं आटतो. उजेडाचा आलेख पुष्कळदा याच उताराच्या जवळपास चालतो. हा उतार वहीत स्वतः काढून बघ, मला तो फार देखणा वाटतो.

सूर्यासारखा तारा असेल आणि विवर दहा कोटी सूर्यांहून बरंच जड, तर मात्र तारा न फाटताच आत जातो. मग दिसायला काहीच उरत नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाला अशीच एक घटना सापडली. तो उजेड साडेआठ अब्ज वर्षं प्रवास करून आला होता. तिच्या वेधांत लडाखमधल्या हानलेची ७० सेंटिमीटरची दुर्बीण होती, आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणसुद्धा! हे वर्गात सगळ्यांना सांग.

आपल्या आकाशगंगेतलं विवर सुमारे ४० लाख सूर्यांचं, म्हणजे तारा फाडू शकेल असं. पण एका दीर्घिकेत असं दहा हजार ते लाखभर वर्षांतून एकदा घडतं. म्हणूनच लाखो दीर्घिकांवर एकदम नजर ठेवावी लागते. चिलीतली रुबिन वेधशाळा आता तेच करणार आहे, आणि तू एम.एस्सी.ला पोचशील तेव्हा तिची निरीक्षणं तपासायला माणसं लागतीलच.