हॅम्बुर्गला यावं का, असं विचारणाऱ्या मैत्रिणीस

तुम्ही चार ओळींत विचारलंत: सात वर्षं व्हिडिओ गेमवर लिहिते आहे, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका गेम स्टुडिओने कम्युनिटी मॅनेजरची, म्हणजे कंपनीच्या वतीने खेळाडूंशी बोलण्याची, नोकरी देऊ केली आहे, मुलगी सात वर्षांची आहे, यावं का? उत्तर लिहायला बसले आणि दोनदा उठले. 2022 मध्ये हाच प्रश्न माझा होता. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

व्हिसाला कोणते कागद लागतात, आल्यावर 14 दिवसांत पत्ता कसा नोंदवायचा, आरोग्यविमा कसा घ्यायचा हे सरकारी पानांवर इंग्रजीतही नीट दिलेलं आहे. ते मी लिहीत नाही.

माझं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. 2011 मध्ये मुंबईत एका तंत्रज्ञानाच्या मासिकात उपसंपादक म्हणून लागले. गेमचं पान माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. वर्षभरात ते पान मी जिवापाड सांभाळू लागले. मासिकाची पानं कमी झाली तशी मी फ्रीलान्स झाले, आणि 2018 नंतर पबजी मोबाइलच्या स्पर्धांचं वार्तांकन करू लागले. 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली आणि त्या आठवड्यात माझी ठरलेली तीन कामं गेली. त्याच डिसेंबरात सायबरपंक 2077 हा गेम आला. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती. जुन्या कन्सोलवर त्याची काय अवस्था आहे हे लोकांना पैसे मोजल्यावर कळलं, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. त्यावर मी एक कडक लेख लिहिला. त्यात एक परिच्छेद कम्युनिटीवाल्यांवर होता: कंपनी गप्प असताना 'आम्ही तुमचं ऐकतो आहोत' हे वाक्य ही माणसं कशी लिहू शकतात? पुढच्या उन्हाळ्यात एका मोबाइल गेमच्या कंपनीत तेच वाक्य मी लिहीत होते. घराचे हप्ते चालू होते आणि लेखांचं मानधन चार-चार महिने येत नव्हतं.

तेव्हा पत्रकारिता सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. ई3 हे अमेरिकेतलं गेमचं मोठं प्रदर्शन डिसेंबर 2023 मध्ये कायमचं बंद झालं. गेम इन्फॉर्मर हे अमेरिकी मासिक 33 वर्षं चालून ऑगस्ट 2024 मध्ये बंद पडलं, पुढच्या वर्षी परत सुरू झालं, पण त्या मधल्या महिन्यांत तिथल्या माणसांचं काय झालं असेल हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. आपल्यातले कितीतरी जण कम्युनिटीच्या कामाकडे वळले आहेत, आणि ते त्यात चांगले आहेत. कारण साधं आहे. चिडलेला खेळाडू जे बोलतो आणि त्याचं जे बिनसलेलं असतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'सर्व्हर कचरा आहे' अशा दीडशे तक्रारी येतात. पाच जणांना नीट विचारलं की कळतं, सर्व्हर ठीक आहे, जुन्या फोनवर नव्या पॅचनंतर, म्हणजे अपडेटनंतर, साठवलेला खेळ उघडत नाहीये. ही वार्ताहराचीच कामगिरी आहे. प्रोग्रामर तुमच्याकडे आदराने बघू लागतात तो दिवस फार चांगला असतो.

आणि लोकांच्या रागात ताकद असते, हेही इथे रोज दिसतं. मे 2024 मध्ये हेलडायव्हर्स 2 या सोनीच्या गेमच्या पीसीवरच्या खेळाडूंना प्लेस्टेशनचं खातं जोडणं सक्तीचं करायचं ठरलं, तेव्हा स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय पडले आणि सोनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. बाहेरून बघताना आपण टाळ्या वाजवतो. आत त्या तीन दिवसांत कुणीतरी जागून प्रत्येक संदेश वाचत असतो.

पण एक गोष्ट पत्रकारितेतून इथे येत नाही, आणि तिच्याबद्दल मला मुलाखतीत कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकाराला कळलं की तो लिहितो. इथे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं आणि तुम्ही गप्प बसता. 2025 च्या वसंतात आमचा गेम बंद करायचं ठरलं. मला जाहीर होण्याच्या तीन आठवडे आधी सांगितलं, निरोपाचा मजकूर तयार करायचा म्हणून. त्या तीन आठवड्यांत एका जुन्या खेळाडूने डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, सरळ मला विचारलं, वर्षाचा पास घेऊ का? मी ठरलेलं वाक्य लिहिलं: पुढच्या योजनांबद्दल सध्या काही सांगता येत नाही. त्याने पास घेतला. नंतर कंपनीने सगळ्यांना पैसे परत दिले, त्यालाही मिळाले. शेवटच्या दिवशी त्याने माझे आभार मानणारा मोठा संदेश लिहिला. तो संदेश मी अजून पूर्ण वाचलेला नाही.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते तुमच्यामाझ्यासारख्या लिहिणाऱ्यांनाच नडतं. ब्लू कार्डासाठी, म्हणजे जास्त पगाराच्या पदवीधर परदेशी नोकरदारांच्या परवान्यासाठी, पगाराची किमान मर्यादा असते आणि ती दरवर्षी बदलते. 2022 मध्ये ती वर्षाला 56,400 युरो होती, 2025 मध्ये 48,300. माझा पगार तिच्या जवळपासही नव्हता, म्हणून मला साधा कुशल कामगाराचा परवाना मिळाला. तो मिळण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाने विचारलं, मास मीडियाची पदवी आणि ही नोकरी यांचा संबंध काय. कंपनीने पत्र दिलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या अधिकाऱ्याने तोच प्रश्न तसाच विचारला, जणू पहिलं पत्र गेलंच नव्हतं. आता पदवी आणि कामाच्या संबंधाबद्दलचा नियम सैल झाला आहे, तुम्हाला हा त्रास बहुधा होणार नाही. परवान्यासोबत जो हिरवा कागद मिळतो, तो मात्र नीट वाचा. माझ्या कागदावर कंपनीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं की स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. म्हणजे पैसे घेऊन एक लेखसुद्धा लिहायचा नाही.

आल्यावर दोन महिन्यांत माझ्या जुन्या संपादकांनी दर महिन्याला एक स्तंभ मागितला. मी परवानगीचा अर्ज केला. सात महिने लागले. संपादक तीन महिने थांबले, मग त्यांनी तो दुसऱ्याला दिला. त्यांचं काही चुकलं नाही. परवानगीचं पत्र आलं तेव्हा मी ते घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पैसे फार नव्हते, पण माझं नाव छापून येण्याची तेवढी एकच जागा उरली होती. कंपनीच्या खात्यावरून तुम्ही रोज हजारो लोकांशी बोलता, आणि त्यातलं एकही वाक्य तुमचं नसतं. म्हणून तुम्ही हा अर्ज पहिल्याच महिन्यात करा, स्तंभ हातात नसला तरी.

आता शाळा. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

हॅम्बुर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. चौथीच्या मध्यावर, जानेवारीच्या प्रगतिपुस्तकासोबत, शाळा शिफारस करते, पाचवीपासून कुठे: गिम्नाझियुम, म्हणजे अभ्यासावर जास्त भर देणारी शाळा, की श्टाटटाइलशूल, म्हणजे सगळ्या मुलांची एकत्र शाळा. दोन्हीकडून आबिटुअर, म्हणजे विद्यापीठाची वाट, खुली असते. गिम्नाझियुममध्ये बारावीत, श्टाटटाइलशूलमध्ये तेरावीत. निर्णय पालकांचाच असतो, पण गिम्नाझियुममध्ये सहावीच्या शेवटी शिक्षकांची सभा ठरवते की मूल तिथे राहणार की नाही. आम्ही ऑक्टोबरात आलो, वर्ष सुरू होऊन गेलेलं होतं. मुलगा वर्षभर नव्याने आलेल्या मुलांच्या भाषावर्गात बसला. चौथीत तो मुख्य वर्गात गेला आणि चार महिन्यांत शिफारसपत्र आलं. आठ वर्षांच्या मुलाला अख्खं आयुष्य उचलून नव्या भाषेत ठेवायला आम्ही पंधरा महिने दिले होते.

त्या शिफारशीबद्दल शाळेत वर्गाच्या बाईंशी भेट झाली, तिला मी दुभाषा मागितला नाही. माझं जर्मन तेव्हा दुकानातल्यापुरतं होतं, आणि मला वाटलं, मुलगा आहे ना. बाई बोलत होत्या, तो मला मराठीत सांगत होता. गणित छान आहे. वर्गात मदत करतो. अजून वाचायला हवं. बाई बराच वेळ बोलल्या आणि त्याने एवढंच सांगितलं, "त्या म्हणतायत मी प्रयत्न करतो." घरी आल्यावर मी लेखी अहवाल शब्द शोधत शोधत वाचला. त्यात होतं की मुलगा वर्गात प्रश्न विचारत नाही, समजलं नाही तरी समजल्यासारखं दाखवतो, आणि मधल्या सुट्टीत बहुतेक एकटा असतो. ते वाक्य त्याने गाळलं होतं. मला त्रास होऊ नये म्हणून. मी दिवसभर ऑफिसात जे करते ते माझं नऊ वर्षांचं मूल माझ्यासाठी करत होतं: एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला बोचणार नाही अशा बेताने पोचवणं.

तो श्टाटटाइलशूलमध्ये गेला. शाळा चांगली आहे, त्याला दोन मित्र आहेत, बुद्धिबळाच्या गटात जातो. तरीही त्या शिफारसपत्रावरचा खुणेचा चौकोन आठवला की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेने काही अन्याय केला असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर होतं त्यावरून त्यांनी ठरवलं. त्यांच्यासमोर काय असेल ते ठरवणं माझ्या हातात होतं, आणि मी त्या काळात सर्व्हर बंद पडले की रात्री दोनला उठून इतरांच्या मुलांना उत्तरं देत होते.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडायला लागतो तेव्हा जास्त असतो. त्याची सवय होते.

नोकरी गेली तर काय, हेही विचारलंत. माझी गेली. पहिल्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात. त्यानंतर कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने असतो, आणि वर्षभर विमा भरलेला असेल तर बेकारी भत्ता मिळतो. परवाना नोकरीशी बांधलेला असतो, म्हणून कार्यालयाला कळवावं लागतं आणि नवी नोकरी शोधायला मुदत मिळते. ते महिने मी कॅलेंडरवर काट मारत काढले. कंपनी सोडताना एक प्रशस्तिपत्र मिळतं, आर्बाइट्सत्सॉयग्निस. त्याची स्वतःची गुप्त भाषा आहे. 'आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं' हे वाचून मी खूश झाले होते. एका जर्मन सहकारी मैत्रिणीने दाखवलं की त्यात 'श्टेट्स', म्हणजे 'नेहमी', हा शब्द नाही, आणि तो नसला की वाचणारा मध्यम दर्जा समजतो. मी मागितला, त्यांनी घातला. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला हे दुसऱ्याने दाखवावं लागलं. तुम्ही आधीच विचारा.

नवी नोकरी चार महिन्यांनी मिळाली, पुन्हा गेमचीच, पुन्हा कम्युनिटीची. मी ती मनापासून करते. गेल्या ऑगस्टमध्ये कोलोनला गेम्सकॉम या गेमच्या प्रदर्शनाला गेले तेव्हा एक खेळाडू स्टॉलवर येऊन म्हणाला, तुम्ही त्या रात्री उत्तर दिलं होतंत. मला रात्र आठवली नाही, पण दिवसभर बरं वाटत राहिलं.

तुम्ही या, असंच मी म्हणेन. पण येणार असाल तर या वर्षी या, दोन वर्षं पैसे साठवून नंतर नको. मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे त्या शिफारसपत्रापर्यंत तिला अडीच वर्षं मिळतील. माझ्या मुलाला मिळाली त्याच्या दुप्पट. करारात रुजू होण्याची तारीख ऑक्टोबरची असेल तर ती उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत आणून मागा. पगारासाठी घासाघीस करता त्याच्याआधी ही करा. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती इतर मुलांसोबत बाकावर बसलेली हवी. आणि शाळेच्या पहिल्या भेटीला दुभाषा मागा, तो मिळतो. मुलीला तेव्हा बाहेर खेळायला पाठवा.